खाली घेण्याची वेळ

माणूस कधी जाणार ते मला आधी कळतं, असा माझा लौकिक होता. लौकिक कसला, मीच तो तयार केला होता आणि मीच जपत होते. सत्तावीस वर्षांच्या बिनलग्नाच्या पोरीला जपायला दुसरं होतंच काय! रंग काळा, जीभ तिखट, आणि धंदा असला. पण रोग्याजवळ दोन मिनिटं उभी राहिले की सांगायचे, हा आजची रात्र काढील, ही संध्याकाळपर्यंत. आणि तसंच व्हायचं. चुकलेलं कुणी लक्षात ठेवत नसावं. मी तर नव्हतेच ठेवत.

ही एकोणीसशे पन्नासच्या पुढची वर्षं. अंधेरीला, आमच्या गावठाणापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर, भातखाचरांच्या कडेला एक जुना बंगला होता. मठातल्या नन बायकांनी तिथं बरे न होणाऱ्यांसाठी तीस खाटा टाकल्या होत्या. शहरातली मोठी इस्पितळं ज्यांना ‘आता घरी न्या’ म्हणून सांगायची, आणि ज्यांच्या घरी एका खोलीत आठ माणसं राहायची, ते आमच्याकडे यायचे. बहुतेक कॅन्सरचे. चालत परत गेलेला मी एकही पाहिला नाही. मी नन नव्हते, पगारी नर्स होते. गावठाणातल्याच ख्रिस्ती घरातली, मराठी बोलणारी, म्हणून हिंदू रोग्यांच्या घरच्यांशी बोलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आमच्या मदर, म्हणजे मठाच्या मुख्य नन, मंगळूरकडच्या. त्यांचं मराठी ‘बसा’ आणि ‘रडू नका’ यापुढे जात नसे.

लोकांना वाटतं, मरणाऱ्यांची सेवा म्हणजे हात हातात घेऊन बसायचं. डोंबल! सकाळी सातला कामावर गेलं की आधी पाठी. तीस जणांना कुशीवर वळवायचं, स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची, जिथं कातडी गेली असेल तिथं धुऊन पट्टी बांधायची. मग गालाच्या आणि जबड्याच्या जखमा. तंबाखू खाऊन खाऊन गालाला भोक पडलेले रोगी असायचे. पाजलेलं दूध त्या भोकातून बाहेर यायचं. जखमेत किडे झाले की टर्पेंटाइनचे थेंब सोडायचे आणि चिमट्यानं एकेक काढून वाटीत टाकायचे. पहिल्या आठवड्यात मी मागच्या आवारात जाऊन ओकत होते. पुढं किडे काढता काढता आयाशी बाजारातल्या बोंबलांबद्दल बोलायला लागले. माणूस कशालाही सरावतो, हे चांगलं की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी गेले की आमची आई आधी विहिरीवर पिटाळायची, चार बादल्या ओतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. ‘एवढी शिकलीस ती हे काढायला?’ म्हणायची. मी उलट उत्तर द्यायचे. वासाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो केसात बसायचा.

तर हे वेळ ओळखणं. ते नुसतं मिरवायला नव्हतं, त्याची गरज होती. आमचा कॅथलिक माणूस असला तर पाद्रीला वेळेवर बोलवावं लागे, तेल लावून शेवटची प्रार्थना करायला. हिंदू असला तर निराळंच. त्यांच्यात माणसानं खाटेवर प्राण सोडू नये. शेवटची घटका आली की त्याला उचलून खाली घ्यायचं, जमिनीवर, शेणाचा हात फिरवून दर्भ पसरलेल्या जागेवर. तोंडात तुळशीचं पान, गंगेचे दोन थेंब. खाटेवर मेला तर जीव अधांतरी राहतो म्हणतात. घरात मरणाऱ्याभोवती दहा माणसं असतात, कुणीतरी ‘आता खाली घ्या’ म्हणतं. आमच्याकडे ते म्हणायचं कुणी? मी. लवकर सांगितलं तर जिवंत माणूस थंड लादीवर, उशिरा सांगितलं तर झालंच. त्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मदरच म्हणायच्या, आणि मी मान खाली घालून ते ऐकायचे. मान खाली, पण कान पुरते उघडे.

तो आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. घाटकोपरच्या एका चाळीतला, मालधक्क्याच्या कचेरीत कारकून, वय बेचाळीस. जठराचा कॅन्सर, तिथून यकृतात गेलेला. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हातपाय काड्या. बायको तिशीची, कमी बोलणारी, सडपातळ बाई. म्हातारी आई. आणि घरी सहा वर्षांची एक मुलगी, ती शेजारणीकडे.

त्याच्या आईनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. ‘त्याला काही सांगू नका हं सिस्टर. अल्सर आहे म्हणून सांगितलंय.’ यात नवं काही नव्हतं. त्या काळी रोग्याला सांगायची पद्धतच नव्हती. डॉक्टर घरच्यांना सांगायचे आणि घरचे आम्हाला बजावायचे. मग आम्ही सगळ्यांनी मिळून नाटक करायचं. मी ते उत्तम करायचे. हा रोज विचारायचा, ‘सिस्टर, पंधरा तारखेला कामावर रुजू होता येईल का? रजा तिथपर्यंतच मंजूर आहे.’ मी म्हणायचे, ‘पंधरा कशाला, आधीच हाकलून देऊ तुम्हाला.’ तो हसायचा. बायको खिडकीबाहेर बघायची.

माणूस मोठा काटेकोर. रोज दाढी करून हवी. खाटेला टांगलेल्या तापाच्या तक्त्यात एकदा मी आकडा चुकीचा टाकला, तर दोन दिवस मला टोचत होता. ‘आमच्या कचेरीत असतात तर मेमो मिळाला असता तुम्हाला.’ मला त्याचा राग यायचा, आणि सांगायला हरकत नाही, तो मला फार आवडायचा. म्हणजे तसं काही नव्हे. तीस कण्हणाऱ्या माणसांत एक जण आपल्याशी भांडतोय, याचंच बरं वाटायचं.

बायकोनं मला एकच गोष्ट मागितली होती. ‘सिस्टर, आमच्याकडे खाटेवर जाऊ देत नाहीत. मी घाटकोपरहून येते, दादरला गाडी बदलून, दीड-दोन तास जातात. तेवढ्या आधी तुम्ही मला कळवा. मी असले पाहिजे, आणि ते खाली असले पाहिजेत.’ एवढंच. त्यांच्या चाळीखाली वाण्याचं दुकान होतं, तिथं फोन होता. मी नंबर घेतला आणि म्हटलं, ‘काळजी नको. मला आधी कळतं.’

तीन आठवड्यांनी एका सकाळी मी कामावर आले, तर तो जबडा उघडा टाकून पडलेला. श्वास घ्यायचा आणि थांबायचा. मी मनात मोजत होते. वीसपर्यंत मोजलं तरी पुढचा श्वास नाही. मग घरघरत एक. परत थांबला. हाक मारली तर ओ नाही. पाय गार. हे श्वास मी शंभरदा पाहिले होते. मी तडक जाऊन घाटकोपरला फोन लावला.

आता आमची शिकवण अशी की कामावर आल्यावर आधी वही बघायची आणि मग रोगी. रात्री कुणाला काय दिलं ते वहीत असतं. मी त्या दिवशी रोगी बघितला आणि वही उघडलीच नाही. कशाला उघडू? मला कळत होतं ना!

साडेदहापर्यंत मंडळी आली. बायको, आई आणि चाळीतले दोन पुरुष. मदरनी पडदा लावून दिला. आयानं लादीवर शेणाचा हात फिरवला, वर दर्भ टाकले, त्यावर पांढरं धोतर. चौघांनी धरून त्याला खाली घेतलं. म्हातारीनं तुळशीचं पान त्याच्या ओठांत ठेवलं, गंगेच्या गडूतले दोन थेंब सोडले आणि जो हंबरडा फोडला तो अख्ख्या वॉर्डानं ऐकला. पलीकडच्या खाटांवर पडलेले सगळे छताकडे बघत होते. बायको रडत नव्हती. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. चाळीतले दोघं मला म्हणाले, ‘सिस्टर, किती वेळ?’ मी म्हटलं, ‘दुपारपर्यंत.’ मग ते सामान आणायला अंधेरीच्या बाजारात गेले.

दुपार झाली. श्वास चालूच. अडीच वाजले. मला वाटलं, हट्टी जीव आहे. तीनच्या सुमाराला श्वासांमधलं अंतर कमी व्हायला लागलं, आणि मग त्यानं डोळे उघडले.

आधी त्यानं ओठांतलं पान जिभेनं बाहेर ढकललं. मग इकडेतिकडे बघितलं. शेजारी त्याचीच खाट, पण तिची खालची बाजू त्याच्या डोळ्यांसमोर. ‘मी खाली कसा?’ म्हणाला. ‘पडलो का?’

बायको बिचारी. तिनं तोच धागा पकडला. ‘हो, पडलात.’

आणि नेमक्या त्याच वेळी ते दोघं बाजारातून आले. पडदा अर्धा सरकलेला. व्हरांड्यात त्यांनी बांबू टेकवून ठेवले, खाली मडकं ठेवलं, एकानं कापडाची घडी बगलेतून काढली. लादीवर झोपलेल्या माणसाला दारातून ते सगळं सरळ दिसत होतं. त्यानं बांबू बघितले, मडकं बघितलं. मग आईच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘चहा मिळेल?’ म्हणाला.

चहा आणायच्या निमित्तानं मी तिथून निघाले ती वहीपाशी गेले. पहाटे चारला तो दुखण्यानं ओरडत होता म्हणून मदरनी मॉर्फियाचं इंजेक्शन दिलेलं, पाचला अजून एक, डॉक्टरांच्या परवानगीनं. सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. यकृत कामातून गेलेल्या माणसाच्या अंगातून मॉर्फिया लवकर उतरत नाही, हे मला शिकवलेलं होतं. पापणी वर करून बघितली असती तर डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली दिसली असती आणि शेंबडं पोरही सांगू शकलं असतं की हे मरण नाही, औषध आहे. मी पापणी वर केलीच नव्हती.

पुढचा तास कसा गेला ते सांगायला मला आजही लाज वाटते. म्हातारी म्हणाली, खाली घेतलेल्याला परत वर घेत नाहीत. आमच्यात चालत नाही, तो आता खालीच राहील. मी म्हटलं, ‘अहो आजी, माणूस जिवंत आहे. पाठीला दोन ठिकाणी जखमा आहेत, लादीवर तीन दिवसांत हाड दिसेल.’ ती म्हणाली, ‘मग खाली घ्या म्हणून कुणी सांगितलं होतं?’ मी ओरडले. चूक माझी, आणि आवाजही माझाच मोठा. मदर आल्या आणि ‘रडू नका’ म्हणाल्या, तेव्हा कुणीच रडत नव्हतं.

शेवटी तोच बोलला. ‘वर घ्या मला. पाठ दुखते.’

बायको उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘वर घ्या. पण त्या वेळी पुन्हा खाली घ्याल? आणि मला आधी कळवाल? शब्द द्या.’ मी शब्द दिला. म्हातारी तशीच तरातरा निघून गेली. ती परत आली ती सगळं संपल्यावर. बांबू दोन दिवस व्हरांड्यातच पडून होते, मग माळ्यानं वेलाला लावायला नेले.

दुसऱ्या दिवशी मी त्याची पाठ धूत होते तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड करून विचारलं, ‘अल्सर नाही ना?’

‘नाही.’

‘तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?’

‘हो.’

‘आणि पंधरा तारखेचं?’

मी पट्टी बांधत राहिले. तो म्हणाला, ‘फार सफाईदार बोलता तुम्ही, सिस्टर. मी आमच्या साहेबांना तसं पत्रसुद्धा टाकलं होतं.’

तेवढंच. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. उलट त्यानं माझी थट्टाच सुरू केली. रोज सकाळी मी आले की, ‘काय सिस्टर, आज वर की खाली?’ शेजारच्या खाटेवर जबड्याचा कॅन्सर झालेला एक गिरणी कामगार होता, तो तोंडावर फडकं धरून हसायचा. मला रडू यायचं आणि मी खेकसायचे, ‘गप्प पडा. दाढी करायचीय.’

खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत तो माणूस जितका जिवंत होता तितका आधीचे तीन आठवडे नव्हता. नाटक बंद झालं होतं. बायको आता खिडकीबाहेर बघत नसे. दुपारी येऊन खाटेच्या कडेला बसायची आणि दोघं हळू आवाजात बोलायची, मुलीच्या शाळेचं, गावच्या घराचं, कसलं कसलं. एकदा दोघं हसताना ऐकली. मी मुद्दाम पलीकडच्या रांगेत गेले. आपण चुकलो ते बरंच झालं, असंही एकदा मनात येऊन गेलं. लगेच स्वतःची लाज वाटली. त्याच दिवशी संध्याकाळी तो दुखण्यानं उशी चावत होता आणि पुढच्या इंजेक्शनला अजून दीड तास होता.

एकदा तो मला म्हणाला, ‘त्या वेळी हिला बोलवा. आईला नको.’ मी म्हटलं, असं का? ‘आई रडेल, मग मला तिची समजूत घालावी लागेल. ही असली की मला काही करावं लागत नाही.’

नवव्या दिवसाच्या आधी बायको दोन रात्री तिथंच होती. मदरनी तिला व्हरांड्यातल्या बाकावर झोपायची परवानगी दिली होती. नवव्या दिवशी सकाळी चाळीतून निरोप आला की मुलीला गोवर निघालाय, ताप आहे, आई आई करतेय. बाई माझ्याकडे आली. डोळे खोल गेलेले, दोन दिवसांत पोटात चहाशिवाय काही नसावं.

‘सिस्टर, मी जाऊन येऊ का? आज काही होणार नसेल तर जाते. तुम्ही सांगा.’

मी त्याच्याजवळ गेले. या वेळी वही आधी बघितली होती. काल संध्याकाळपासून इंजेक्शन नव्हतं. पापणी वर केली. बाहुली नीट होती, उलट जरा मोठीच. नाडी हाताला लागत होती आणि निसटत होती. नाक टोकाशी बारीक झालेलं. आणि हात चादर चिमटीत धरून ओढत होते, सोडत होते, परत धरत होते. चादर अशी ओढायला लागलेला माणूस दुसरा दिवस बघत नाही, हे मी नव्या मुलींना शिकवत असे.

हे सगळं माझ्यासमोर होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढं मात्र ते व्हरांड्यात टेकवलेले बांबू. मी परत ‘आज’ म्हणणार, परत म्हातारीला बोलावणार, परत दर्भ, परत पान, आणि हा परत डोळे उघडून चहा मागणार! सगळा वॉर्ड माझ्याकडे बघणार. छे, नकोच ते. मी स्वतःला सांगितलं, दुखत असेल म्हणून चादर ओढतोय.

‘आज काही होत नाही,’ मी म्हटलं. ‘खुशाल जा. पोरीला बघा, जेवा, जरा पाठ टेका. उद्या सकाळी या.’ अगदी नेहमीच्या आवाजात म्हटलं. मला तोच एक आवाज काढता येत होता.

ती त्याच्यावर वाकली, कपाळावरून हात फिरवला. तो बोलण्याच्या पलीकडे गेला होता, पण ऐकू येत असावं. चादर ओढणाऱ्या त्या बोटांत तिचा पदर आला आणि त्यानं तो धरून ठेवला. ती थांबली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘ते असंच करतात. हाताला लागेल ते धरतात.’ आणि एकेक करून ती बोटं मी सोडवली. सोडवायला जोर लागला.

साडेतीनला मी पलीकडच्या रांगेत एका बाईची छातीची जखम धूत होते. आया आली. मालवणकडची, सावकाश बोलणारी बाई. ‘सिस्टर,’ म्हणाली, ‘तो माणूस गेलो.’

खाटेवर. एकटा. शेजारचा गिरणी कामगार तेवढा जागा होता. त्याला बोलता येत नव्हतं, तो नुसता हातानं लोखंडी खाट वाजवत होता. ती वाजवलेली मी ऐकली होती. मला वाटलं, पाणी हवं असेल, थांबेल जरा.

मी पडदा लावला. आयाला म्हटलं, ‘धर पाय.’ ती माझ्याकडे बघत राहिली. ‘अगं धर म्हणते ना!’ दोघींनी मिळून त्याला खाली घेतलं. मेलेलं माणूस जड होतं म्हणतात. हा इतका हलका होता की मला तोल सावरावा लागला. शेण नव्हतं, दर्भ नव्हते. कोपऱ्यातल्या कपाटात गंगेचा गडू राहिला होता. मी आवारातल्या तुळशीचं पान तोडून आणलं आणि त्याच्या ओठांत ठेवलं, पाणी घातलं. ते तोंडातून गालावर ओघळलं, मी पुसलं. मी ख्रिस्ती बाई, गळ्यात क्रूस, आणि देवाला म्हणत होते, एवढं चालवून घे. कुठल्या देवाला म्हणत होते कोण जाणे. मग मी घाटकोपरला फोन लावला.

ती आली तेव्हा दिवेलागण झाली होती. सोबत म्हातारी आणि चाळीतले तेच दोघं. ती तिघं दारात थांबली. बाई पडद्याच्या आत आली. बहुतेक अंघोळ करून, स्वयंपाक करून बसली होती तेवढ्यात निरोप गेला असावा. केस ओले होते, हाताला हळदीचा डाग होता. ती त्याच्याजवळ लादीवर बसली. त्याच्या हातावर हात ठेवला. हात गार पडला होता, बोटं ताठ व्हायला लागली होती.

मी तयारी करून ठेवली होती. म्हटलं, ‘खाली घेतलं होतं. वेळेवर घेतलं. तुळस दिली, पाणी दिलं. शांतपणे गेले.’

ती त्याची बोटं चोळत राहिली. मला वाटलं, ऐकलं नसेल. परत म्हटलं, ‘खाली घेतलं होतं बरं का, शब्द दिला होता तसं.’

‘ते मी विचारलं का?’ तिनं मान वर केली. आवाज चढलेला नव्हता. ‘मला घरी का पाठवलंत, सिस्टर?’

माझ्याकडे उत्तरं कमी कधीच नव्हती. मुलीला गोवर होता, तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, डॉक्टरांनाही कुठं सांगता येतं. सगळी जिभेवर आली. पण पदरातून सोडवलेली ती बोटं तिच्या हातात होती, आणि मला त्यांतलं एकही उत्तर देता येईना.

‘मला नक्की कळत नव्हतं,’ मी म्हटलं. ‘मागच्या वेळी चुकले म्हणून भ्याले.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला मारील. मारलं असतं तरी चाललं असतं.

‘मग तसं म्हणायचं होतंत,’ ती म्हणाली. ‘कळत नाही म्हणायचं. पोरीजवळ शेजारीण होती. मी बसले असते.’